बोटीच्या पाहुण्यांचं वाळवण

पाहुणा बोटीनं येवो, विमानानं येवो की वाड्याच्या एसटीनं, त्याला काय बघायचंय हे तो सांगायच्या आत मला कळतं. बावीस वर्षं भूगोल शिकवतोय मी. माणूस कुठल्या देशातला, तिकडे ऊन किती, पाऊस किती, एवढं समजलं की त्याच्या मनात काय आहे ते मी नकाशावर बोट ठेवावं तसं सांगतो. हे मी भिवंडीत आमच्या टेमघरच्या सोसायटीच्या गेटवर बऱ्याचदा बोललोय आणि कोणी कधी विरोध केलेला नाही. कोणी ऐकत होतं का, हा वेगळा प्रश्न.

तर दोन हजार सहाच्या डिसेंबरात माझा भाचा धनेश तोंड पाडून घरी आला. धनेशची क्वालिस गाडी आहे. मुंबई बंदरात परदेशी प्रवाशांच्या मोठ्या बोटी लागतात, सकाळी येतात, संध्याकाळी जातात. तेवढ्या वेळात प्रवाशांना फिरवून आणायचं काम फोर्टातली एक कंपनी करते. तिथल्या मॅडमनी धनेशला सांगितलं होतं, "गेटवे, धोबीघाट, लेणी हे सगळेच दाखवतात. तू काहीतरी गावाकडचं दाखव. तिघांना देते. पाचच्या आत, खूश होऊन बोटीवर परत आले, तर अख्ख्या सीझनचं काम तुझं."

आता हे नुसतं काम नव्हतं. अंजूरच्या तुळशीरामशेठची उन्नती आणि आमचा धनेश यांचं एकमेकांवर मन होतं. तुळशीरामशेठ म्हणजे जमिनीवर गोडाऊनं उठल्यापासून पांढऱ्याशिवाय कपडा न घालणारा माणूस. त्यांनी माझ्या बहिणीला, आक्काला, तोंडावर सांगितलं होतं, "गारी हाय, पोरगा बी बरा हाय. पन आज भारा हाय, उद्या न्हाय. पक्का काम दावा, मंग पोरीचा बोलू." भारा म्हणजे भाडं, त्यांच्या बोलीत ड चा र होतो.

म्हणजे तीन गोरे लोक खूश होतात की नाही, यावर आमच्या घरचं लग्न येऊन ठेपलं.

"मामा, काय दाखवू?" धनेश म्हणाला.

"तू गाडी चालव," मी म्हणालो. "बाकी माझ्यावर सोड."

मी कार्यक्रम आखला. सकाळी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, मग अंजूरच्या खाडीत होडी, दुपारी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात स्नान आणि शेवटी आमच्या शाळेच्या मुलांचं लेझीम. उद्योग, जलाशय, भूऔष्णिक, सांस्कृतिक. चार धडे एका दिवसात.

सोसायटीत बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं त्यांना बिसलेरीशिवाय काही देऊ नका, कोणी म्हणालं बिसलेरी तर त्यांच्याकडे असतेच, ताडगोळे द्या. डिसेंबरात ताडगोळे कुठून आणू, ते कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं, गोऱ्यांना साप फार आवडतात. फक्त शेजारचा सुगत, जो एका सायझिंग कारखान्यात मॅनेजर आहे, तो म्हणाला, "मास्तर, त्यांनाच विचारा ना काय हवंय ते."

मी हसलो. पाहुण्याला विचारायचं म्हणजे आपल्याला कळत नाही असं कबूल करायचं. आपल्याकडे जेवताना 'वाढू का' असं विचारणाऱ्या घराला लोक काय म्हणतात, हे सुगतला माहीत नसावं.

परवानग्यांचंही बघायला हवं होतं. लेझीमसाठी हेडमास्तरांनी अर्ज तीन प्रतींत मागितला आणि निर्णय जानेवारीत होईल म्हणून कळवलं. परदेशी लोक येणार, पोलिसांना सांगितलेलं बरं, म्हणून चौकीत गेलो.

हवालदारांनी वर न बघता विचारलं, "परदेशी हरवलेत का?"

"नाही, यायचेत."

"मग हरवल्यावर या."

लेझीम असं गेलं. पण तीन धडे शिल्लक होते.

ठरल्या दिवशी पहाटे निघालो. धनेशच्या शेजारी पुढच्या सीटवर तुळशीरामशेठ. त्यांना मी बोलावलं नव्हतं. पांढरीशुभ्र पँट, पांढरा शर्ट, गळ्यात साखळी. "पोरीचा बाप हाव," ते म्हणाले, "काम बगाया नको का?"

बंदराच्या गेटातून तिघं बाहेर आले. डोरीनबाई, त्यांचे यजमान विल्फसाहेब आणि बाईंची थोरली बहीण एनिड. तिघंही सत्तरीकडे झुकलेले, इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदराच्या गावचे. मी चपला बघून अंदाज बांधला, चालायची तयारी आहे. प्रत्येकाच्या हातात मात्र एक भलीमोठी कापडी पिशवी, तोंड दोरीनं घट्ट आवळलेली. मी घ्यायला पुढे झालो तर डोरीनबाईंनी ती पोटाशी धरली.

"भेटी आनल्यान वाटतं," तुळशीरामशेठ माझ्या कानात म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मी मनातल्या मनात आभाराचं भाषण जुळवायला घेतलं.

लूमवर पोचलो. मालक ओळखीचे, त्यांनी मुद्दाम सगळे लूम चालू ठेवले होते. बाहेर रस्त्यावरूनच तो खडखडाट ऐकून एनिडबाईंनी कानावर हात ठेवले. मी मोठ्यानं सांगायला लागलो, की भिवंडी म्हणजे काय, ताणा म्हणजे काय, बाणा म्हणजे काय. आम्ही दारातून आत पाऊल टाकलं आणि लाईट गेली.

लोडशेडिंग दुपारचं होतं. ते त्या दिवशी सकाळी आलं. का, ते विचारायला फोन केला तर फोन उचलणाऱ्यानं विचारलं, "सकाळी गेली ना? मग दुपारी जाईल तेव्हा फोन करा."

भिवंडीत एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. विल्फसाहेबांनी तर टोपी काढून हातात घेतली. कारागीर लूम सोडून आमच्याभोवती उभे राहिले आणि त्यांनी आमच्या पाहुण्यांना सगळ्या बाजूंनी नीट बघितलं. एकानं धनेशला विचारलं, "ये लोग हडताल पे हैं क्या?" पर्यटन झालं, पण ते कारागिरांचं झालं.

"खाडीवर चल," मी धनेशला म्हणालो.

आता भरती-ओहोटी हा माझा हातखंडा धडा. चंद्र, सूर्य, पृथ्वी हे सगळं मी तीन मुलं उभी करून शिकवतो. दर वर्षी पेपरात त्याला पाच मार्क ठेवतो. त्या दिवशीची वेळ तेवढी बघायची राहिली होती. अंजूरला खाडीवर पोचलो तर पाणी लांब एका रेघेसारखं दिसत होतं, अलीकडे सगळा चिखल आणि त्या चिखलात आमची ठरवलेली होडी एका कुशीवर निजलेली.

"मास्तर," तुळशीरामशेठ म्हणाले, "होरी हाय, खारी हाय. पानी त्यवरा न्हाय."

विल्फसाहेबांनी मला काहीतरी विचारलं. मी ओहोटी समजावून सांगायला लागलो. ते गोदीत चाळीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झाले होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सज्जन माणूस.

एवढ्यात एनिडबाई बगळ्याचा फोटो काढायला दोन पावलं पुढे गेल्या आणि गुडघ्यापर्यंत आत गेल्या. मी काही करायच्या आत तुळशीरामशेठ धावले. खाडीकाठचा माणूस, तो काय डरतो. त्यांनी बाईंना एका झटक्यात बाहेर काढलं. बाई बाहेर आल्या आणि त्याच झटक्यानं शेठ आत जाऊन बसले. उठले तेव्हा गळ्यातली साखळी तेवढी ओळखू येत होती.

धनेश गाडीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या पाठीवरून मला दिसत होतं, की त्याच्या डोक्यात लग्नाचा मांडव उतरवायला सुरुवात झाली आहे.

अशा चिखलानं अकलोलीला कसं जाणार? घरी नेलं. आमचं घर तळमजल्याला, मागे नळ, धुण्याचा दगड आणि दोन खांबांना बांधलेली दोरी. माझी बायको काशी आणि आक्का दारातच होत्या. काशीनं एकदा शेठकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि न बोलता शेठना माझी लुंगी आणि बनियन दिलं. न बोलण्यात तिचा हात धरणारी बाई आमच्या वॉर्डात नाही.

एनिडबाई पाय धुवायला मागे गेल्या, पाठोपाठ डोरीनबाई. आणि तिथे, नळाशी, डोरीनबाई थबकल्या. त्यांनी नळ बघितला. दगड बघितला. वरची दोरी बघितली, दोरीवरचं ऊन बघितलं. लेण्यांसमोर माणसं उभी राहतात तशा उभ्या राहिल्या. मग धावत गाडीतून पिशवी घेऊन आल्या, दोरी सोडली आणि काशीसमोर उपडी केली.

कपडे. मळके कपडे. शर्ट, पँट्स, झगे, मोजे आणि ज्यांची नावं इथे घ्यायची नाहीत असेही. विल्फसाहेबांची पिशवी तीच, एनिडबाईंचीही तीच.

बाईंनी मग सगळं सांगितलं आणि मी काशीला मराठीतून सांगत गेलो, जड मनानं. बोटीवर आठशे माणसं आणि कपडे धुवायची मशिनं चार. त्यांच्यापुढे रांग. परवा एका कर्नलबाईंनी दुसऱ्या कोणाचे ओले कपडे बाहेर काढून ठेवले, त्यावरून अजून जेवणाची दोन टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत. बोटीच्या माणसाकडे दिले तर तो एका मोज्याचे सुद्धा वेगळे पैसे लावतो. तेव्हा बंदर आलं, की हे लोक पहिल्यांदा धुवायची सोय शोधतात.

"मग इजिप्तमध्ये पिरॅमिड?" मी विचारलं.

"लांब पडतात," बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा ओमानला छान होतं. स्टेशनरीच्या दुकानामागे लॉन्ड्री होती."

मी खाली बसलो. बावीस वर्षांचा भूगोल एका बादलीत गेला.

काशीनं पदर खोचला. "सांगा त्यांना, निरमा आहे," ती म्हणाली.

आणि मग माझ्या घरात तो दौरा सुरू झाला, जो मी आखला नव्हता. डोरीनबाईंनी काशीचा गाऊन चढवला आणि दोघी दगडाला लागल्या. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, तरी नवऱ्यांबद्दल बोलत होत्या हे मला लांबूनही कळत होतं. विल्फसाहेबांनी फक्त एकच विचारलं, न हलणारा पलंग आहे का. मी माझा दाखवला. माझा पायजमा घालून ते आडवे झाले आणि पुढच्या मिनिटाला घोरायला लागले. एनिडबाई आक्काजवळ जमिनीवर बसल्या. आक्का दुपारच्या बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होती. तिनं एक वाल चिमटीत धरला आणि दाखवला, बाईंनी दुसरा उचलला. सुळकन बी बाहेर आली तेव्हा त्या बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो माझ्या एकाही धड्याला कधी मिळालेला नाही.

"हिला राहू दे की आठ दिवस," आक्का म्हणाली. "सुनेपेक्षा बरी सोलते."

"सून आलीय कुठे अजून?" काशी नळावरून म्हणाली आणि सगळ्यांनी लुंगीतल्या शेठकडे बघितलं. शेठ चहा पिण्यात गुंतले.

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण खरं सांगतो, आमच्या घरात आम्ही रोज जे करतो ते बघायला कोणी सातासमुद्रापलीकडून येईल आणि ते करून त्याला बरं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी दारात उभा राहून सगळं बघत होतो आणि मला माझंच घर चांगलं वाटत होतं. हे उपकार त्या तिघांचे आहेत, ते मी विसरणार नाही.

"एवढं चाललंच आहे तर तुमचीही टाकते," म्हणून काशीनं माझी समारंभाची काळी पँट बादलीत टाकली. शेठचे कपडे आधीच तिथे होते.

जेवणं झाली, वालाचं बिरडं, भाकरी आणि सुकटीची चटणी. विल्फसाहेबांना उठवून जेवू घातलं, जेवून ते परत झोपले. अडीच वाजायला आले तेव्हा धनेश दोरीवरचा शर्ट चाचपून आला.

"मामा, ओलं आहे. सगळंच."

डिसेंबरचं ऊन. दुपारी समोरच्या इमारतीनं ते अडवलं होतं. इस्त्री करावी तर लाईट नाही, दुपारची ती ठरल्याप्रमाणे परत गेली होती. अंगावरचं सुद्धा बाईंनी धुवायला घातलेलं. रात्री बोटीवर कप्तानाबरोबर जेवण, त्यासाठीचा विल्फसाहेबांचा काळा कोट बोटीवर होता, पण पँट, पांढरा शर्ट, बाईंचा निळा झगा आमच्या दोरीवर ठिबकत होते. पाचला बोटीवर काय, काशीच्या गाऊनमध्ये पाठवायचं? मॅडम गेटवरच उभ्या असणार.

"बुडाला," शेठ म्हणाले. नक्की काय बुडालं ते त्यांनी सांगितलं नाही. धनेशला कळलं.

तेवढ्यात सुगत जेवायला घरी आला होता तो भिंतीवरून म्हणाला, "मास्तर, एवढंच ना? आमच्याकडे बॉयलर चालू आहे, जनरेटरवर मशिन चालू आहे. दहा मिनिटांत वाळवून देतो."

सायझिंगमध्ये लूमवर चढायच्या आधी सुताला खळ लावतात आणि वाफेनं तापलेल्या मोठमोठ्या सिलिंडरवरून ते वाळवतात. सूत वाळतं तर शर्ट का नाही? सुगतनं बादल्या स्कूटरला लावल्या आणि गेला. पुढे त्याचा साहेब आला म्हणून त्यानं बादल्या मशिनवरच्या इद्रीसभाईंच्या हवाली केल्या आणि सांगितलं, की मास्टरजींचे विलायती मेहमान आहेत, चांगलं करून द्या. इद्रीसभाईंचे आभार मी इथेच मानून ठेवतो, कारण पुढे मला त्यांचा जरा राग येणार आहे.

अर्ध्या तासात सुगत आला. मागे टेम्पो. टेम्पो कशाला, असं मी विचारणार होतो, पण मग मला कपडे दिसले. त्यांची घडी होत नव्हती. इद्रीसभाईंना वाटलं, मेहमानांचे कपडे नुसते कोरडे करून काय द्यायचे, माँड लावल्याशिवाय इज्जत कसली. सगळे कपडे त्यांनी आधी खळीच्या टाकीतून काढले होते. ताण्याच्या सुताची खळ. जी लूमचे हजार धक्के खाते आणि तुटत नाही.

टेम्पोवाल्यानं विल्फसाहेबांची पँट आणि माझी पँट खाली उतरवून भिंतीला टेकवून ठेवली. दोन्ही काळ्या, दोन्ही उभ्या राहिल्या, पहारेकऱ्यांसारख्या. मोजे पत्र्यासारखे वाजत होते. नाव न घ्यायचे कपडे पापडांच्या चवडीसारखे एकावर एक रचून आणले होते. डोरीनबाईंचा निळा झगा टेम्पोतून आडवा काढावा लागला.

बाईंनी झग्यावर बोटानं टकटक केलं. आतून उत्तर आल्यासारखा आवाज झाला. मी डोळे मिटले. एका क्षणानंतर बाई हसायला लागल्या, मग एनिडबाई, आणि मग काशी, जी माझ्यासमोर तशी लग्नानंतर हसलेली मला आठवत नाही.

पुढची वीस मिनिटं कपडे घालण्यात गेली. शर्टाच्या बाह्या आत एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या आक्कानं लाटण्यानं उघडल्या. शेठनी मात्र आपला पांढरा शर्ट चढवला, आरशापुढे उभे राहिले, एक बाजू बघितली, दुसरी बघितली.

"मास्तर," ते हलक्या आवाजात म्हणाले, "यवरा कडक आमच्या धोब्यानं जन्मात क्येला न्हाय. कोन हाय ह्यो इद्रीस?"

निघालो. पाहुण्यांना सीटवर वाकून बसता येईना, तेव्हा ते तिरपे टेकले. अंजूर फाट्याच्या पुढे कंटेनरची रांग. हलायला तयार नाही. धनेश घड्याळ बघत नव्हता, नुसता समोर बघत होता. तेव्हा शेठ दार उघडून खाली उतरले. वाकता येत नसल्यामुळे त्यांची चाल एखाद्या मंत्र्यासारखी झाली होती. ड्रायव्हरांनी आपोआप वाट दिली. "कोनचा माल हाय? माझ्याच गाल्यावर चाललाय ना? मंग हटव. सायडीला घे. ए, बाबूराव, पीछे ले, बोट छुट जायेगी." ती निम्मी रांग त्यांच्याच गोडाऊनांची होती, हे मी त्या वेळी काढलं नाही. त्यांचे उपकारच झाले.

पाचला पाच कमी असताना बंदराच्या गेटवर पोचलो. मॅडम उभ्याच होत्या. दुसऱ्या गाड्यांमधून घामेजलेले, चुरगाळलेले, वैतागलेले प्रवासी उतरत होते. आमच्या गाडीतून तिघं उतरले, ताठ, एकही सुरकुती नाही, चालताना कागदासारखे वाजत. मॅडम बघतच राहिल्या. डोरीनबाईंनी त्यांना सांगितलं, की या सबंध प्रवासात असं बंदर कुठे लागलं नाही. मग मागे वळून त्या माझ्याशी हात मिळवायला आल्या आणि काशीसाठी बोटीवरच्या छोट्या साबणांची एक पुडी माझ्या हातात ठेवली.

मॅडमनी धनेशला तिथल्या तिथे सीझन दिला. शेठ गाडीत परत बसताना एवढंच म्हणाले, "साखरपुडा पुढल्या रईवारी. पोरीच्या आयला फोन लाव." धनेशनं फोन लावला आणि माझ्या हातात दिला, म्हणून मीच बोललो.

मी सुगतचे, इद्रीसभाईंचे, त्या टेम्पोवाल्याचे मनापासून आभार मानले. हवालदारांचे सुद्धा मानले, कोणी हरवलं नव्हतं म्हणून. गेटवर आता मी पूर्वीसारखं बोलत नाही. पाहुणा आला, की काय हवंय ते विचारतो.

साखरपुड्याच्या दिवशी तयार व्हायला म्हणून मी कपाट उघडलं. काशीनं माझी काळी पँट आत उभी करून ठेवली होती. घातली तेव्हा कळलं, की ती विल्फसाहेबांची आहे. माझी त्यांच्या बोटीवर, कोचीनच्या पुढे कुठेतरी समुद्रात होती. दुसरी चांगली नव्हती आणि धुवायला वेळ नव्हता. सगळा साखरपुडा मी उभ्यानं केला. जेवलोही उभ्यानं.